पॉवरलाइन नेटवर्कचा समन्वयक निवडताना

घरातल्या विजेच्या तारांवरून इंटरनेट खेळवायला मी पाच होमप्लग एव्ही अडॅप्टर लावले आहेत. सगळं छान चालायचं, पण टीव्हीचं बटण भिंतीवरून बंद केलं की थोडा वेळ इतर खोल्यांतलं नेटही जायचं. हे कोडं सुटेपर्यंत मला चैन पडेना.

क्वालकॉम अथेरॉसच्या चिपसाठी ‘ओपन-पीएलसी-यूटिल्स’ नावाची मोफत साधनं आहेत. त्यातल्या ‘पीएलसीस्टॅट’ने यादी काढली. प्रत्येक अडॅप्टरची एक ओळ, तिच्यात त्याची भूमिका, मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक), पाठवण्याचा आणि घेण्याचा वेग. चार ओळींत ‘एसटीए’, म्हणजे स्टेशन किंवा साधा सदस्य, आणि एकीत ‘सीसीओ’, म्हणजे सेंट्रल कोऑर्डिनेटर, नेटवर्कचा समन्वयक. ती ओळ नेमकी टीव्हीमागच्या अडॅप्टरची होती!

सीसीओ विजेच्या दर दोन आवर्तनांना एक बीकन, म्हणजे सगळ्यांसाठीचा छोटा संदेश, सोडतो, म्हणजे 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर दर 40 मिलीसेकंदांनी. कोणी कधी बोलायचं ते त्यातून ठरतं. नवीन अडॅप्टरला क्रमांक देणं, नेटवर्कची किल्ली वाटणं हेही त्याच्याकडेच. तो अचानक नाहीसा झाला की बाकीच्यांना नव्यानं घडी बसवावी लागते.

वायफायच्या सवयीमुळे वाटतं की राउटरजवळचा अडॅप्टरच समन्वयक हवा. तशी गरज नाही. इथे डेटा एका अडॅप्टरकडून दुसऱ्याकडे थेट जातो, सीसीओ मधे येत नाही. त्यामुळे मी दोनच गोष्टी पाहायच्या ठरवल्या: सगळ्यांचं ऐकू कोणाला येतं, आणि कायम चालू कोण असतं. आपोआप होणाऱ्या निवडीत किती अडॅप्टर दिसतात हे मोजलं जातं, आणि सगळंच बरोबरीत सुटलं तर मोठा मॅक पत्ता जिंकतो. अमुक सॉकेटचं बटण रोज रात्री बंद होतं, हे त्या नियमांना कसं कळणार?

लॅपटॉप घेऊन प्रत्येक अडॅप्टरला केबल जोडली आणि तिथून यादी घेतली. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नये. राउटरजवळच्या अडॅप्टरला मागच्या खोलीतला जेमतेम ऐकू येत होता. मुख्य वीजफलकाशेजारच्या जिन्यातल्या अडॅप्टरला मात्र चौघेही स्वच्छ दिसत होते, आणि त्या सॉकेटला कोणी हात लावत नाही. निवड तिथेच झाली.

अडॅप्टरची सेटिंगची फाइल त्याच साधनांतल्या ‘पीएलसीटूल’ने वाचून तिची प्रत जपून ठेवली आणि मगच बदल केले. समन्वयक होण्याबाबत पर्याय तीन: आपोआप, कधीच नाही, नेहमी. जिन्यातल्याला ‘नेहमी’, टीव्हीमागच्याला ‘कधीच नाही’. उरलेल्या तिघांना मुद्दाम ‘आपोआप’वर ठेवलं. त्यांनाही ‘कधीच नाही’ केलं असतं, तर जिन्यातला बिघडल्यावर जबाबदारी घ्यायला कोणी उरलं नसतं. (विद्युत मोटारींच्या चार्जिंगमध्येही तारेवरून असाच संवाद चालतो; तिथलं आयएसओ 15118-3 हे मानक हा प्रश्नच ठेवत नाही. तिथे समन्वयक चार्जरच, मोटार कधीच नाही.)

आता टीव्ही बंद केला तरी बाकीच्या खोल्यांना पत्ता लागत नाही. मागच्या खोलीतला वेग मात्र होता तेवढाच आहे, कारण तो अडॅप्टर सर्ज प्रोटेक्टर असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डात बसलाय, आणि तो प्रोटेक्टर हा सिग्नल दाबतो. त्याला थेट भिंतीवरच्या सॉकेटमध्ये हलवायचं काम अजून बाकी आहे.