शंभर ग्रॅम कोळंबीचा हिशोब

आमच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत मासे दोनच. एक लायनफिश, एक स्नोफ्लेक ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा. टाकी पाच बाय दोन बाय दोन फुटांची, म्हणजे भूमितीने ५६६ लिटर. दगड-वाळू वजा करून आणि खालचा संप, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, मिळवून मी ५०० लिटर धरते. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, "एवढ्या टाकीत दोनच?" मी जीएसटीची रिटर्न भरून पोट भरते, तेव्हा उत्तरही आकड्यांतच देते.

मासे घाण करतात म्हटलं की लोकांना विष्ठा आठवते. ती दिसते, नळीने ओढून काढता येते, तिचं एवढं नाही. माशाचा बराचसा नायट्रोजन कल्ल्यांमधून अमोनिया होऊन बाहेर पडतो आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत राहतं. समुद्री टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास असल्यामुळे हा अमोनिया गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त जहाल ठरतो. दगडांवरचे जीवाणू त्याचा नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. जुन्या, बसलेल्या टाकीत पहिले दोन शून्य दाखवतात. नायट्रेट मात्र साचत जातो.

आता आकडे. माशांचं खाणं मुख्यतः कोळंबी. १०० ग्रॅम कोळंबीत साधारण १८ ग्रॅम प्रथिनं. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २.९ ग्रॅम. त्यातला पाव हिस्सा माशाच्या अंगी लागला असं उदार मनाने धरू. उरलेल्या सुमारे २.१५ ग्रॅमचा नायट्रेट झाला की वजन सव्वाचारपटीहून जास्त वाढतं, कारण त्यात ऑक्सिजन येऊन मिळतो. झाले साडेनऊ ग्रॅम. ५०० लिटरमध्ये ते १९ पीपीएम, म्हणजे लिटरमागे १९ मिलिग्रॅम. आठवड्याला एवढं खाणं घातलं आणि दर आठवड्याला २० टक्के पाणी बदललं, तर आकडा चढत चढत ९५ ला जाऊन टेकतो. दर वेळी पाचवा भागच काढला जातो, उरलेल्यावर नवीन भर पडतच राहते. नुसते मासे असलेल्या टाकीत ४०-५० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे फक्त पाणी बदलून भागत नाही.

आणि पाणी बदलणं म्हणजे काय गंमत नाही. १०० लिटर आरओचं पाणी, त्यात साडेतीन किलोच्या वर मीठ. ते मीठ बाहेरून येतं, त्याचा भाव मी घरात मोठ्याने बोलत नाही. मे महिन्यात सोसायटीत टँकर यायला लागले की आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याच्या बादल्या भरून ठेवते, लादी त्यानेच पुसायची. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं ते वेगळं; त्याची भरपाई साध्या आरओ पाण्याने, मीठ न घालता, कारण वाफ होऊन मीठ जात नाही.

म्हणून माझी खरी कात्री लागते ती ताटलीवर. कोळंबी बाजारातून आणली की सोलून, धुऊन, एकेका वेळचा वाटा वजन करून फ्रीझरमध्ये. बर्फ सुटल्यावर वाटीत जे गढूळ पाणी उरतं ते टाकीत जाऊ देत नाही, गाळणीवर ओतून पुन्हा धुते. आमच्या शेजारच्या काकूंना हे सोवळं वाटतं. पण ते पाणी म्हणजे कुणी न खाता थेट विरघळलेली प्रथिनं. बांगडा तर मी बंदच केला, त्याच्या तेलाची साय पृष्ठभागावर धरते आणि पाण्याचं श्वास घेणं अवघड होतं. फिरवाफिरव म्हणून मधूनच माकूल.

लायनफिश सुबक जेवतो. चिमट्याचं टोक दिसलं की पंख फुलवून अंदाज घेत पुढे येतो, क्षणभर थांबतो, आणि तोंड उघडताच कोळंबी गायब. चावणं नाहीच. ईलबाईंचं वेगळं. डोळ्यांनी बेतास बात, वासावर सगळा कारभार. अर्धं अंग दगडाबाहेर काढून घास धरतात आणि झटके देत आत ओढतात. त्या झटक्यांत सुटलेले तुकडे दगडामागे पडतात, आणि सडतात ते तिथेच. जेवण आटोपलं की रबरी फुगा लावलेल्या लांब पिचकारीने मी त्या फटी फुंकते, उडालेला कचरा संपमधल्या फिल्टर सॉकमध्ये, म्हणजे कापडी गाळणपिशवीत, जातो. सॉक दोन-तीन दिवसांत धुवायचाच. कचरा अडकला म्हणजे गेला असं नाही, तो सॉकमध्ये बसूनही कुजतोच. (हात घालताना लायनफिश कुठे आहे ते आधी बघायचं. काटे विषारी असतात.)

प्रोटीन स्किमर या बुडबुडे सोडणाऱ्या यंत्रावर माझा जीव आहे. बारीक बुडबुड्यांना प्रथिनं चिकटतात आणि कुजायच्या आधीच फेस होऊन कपात चढतात. कपातलं ते तपकिरी पाणी ओतताना सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो, नवरा तेव्हा गॅलरीत जातो. मात्र कल्ल्यांतून निघालेला अमोनिया किंवा तयार झालेला नायट्रेट स्किमर काढत नाही. त्यासाठी संपच्या एका कप्प्यात दिवा लावून चीटो वाढवलंय, हिरव्या केसांचा गुंता दिसतो ते शेवाळ. वाढलं की मूठभर उपटून फेकायचं. नायट्रेट त्याच्याबरोबर टाकीबाहेर जातो. उपटलं नाही तर उपयोग शून्य.

आठवड्याचं खाणं ६० ग्रॅमवर आणलं तेव्हा कागदावरचा आकडा ९५ वरून ५७ वर आला, आणि स्किमर-शेवाळ धरून टेस्ट किट त्याच्याही खाली दाखवतं. दोघंही रोड झालेले नाहीत. पूर्ण वाढलेल्या लायनफिशला रोज खायला लागतच नाही, तो मागतो हा भाग वेगळा. काचेशी येऊन असा बघतो की पाहुण्यांना माझाच राग येतो.

दुकानदार सध्या ट्रिगरफिश घ्या म्हणून मागे लागलाय. लायनफिशचे पंख कुरतडेल हे मी म्हटलं, तर म्हणे लहान आहे, शिकेल. मी विचारलं, आठवड्याला किती ग्रॅम खाईल? "ताई, टाकाल तेवढं." नाही घेतला.