तुम्ही विचारलंत म्हणून: कॅम्पस मिनिस्ट्रीतली माणसं करतात तरी काय?

अमेरिकेतल्या एखाद्या जेज्युइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संन्यासी संघाच्या, विद्यापीठात प्रवेश मिळाला, की माहितीपत्रकात ‘कॅम्पस मिनिस्ट्री’ हा विद्यार्थ्यांच्या आध्यात्मिक गरजा पाहणारा विभाग दिसतो आणि प्रश्न येतो: ही माणसं करतात तरी काय? त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो तोंडावर कुणी विचारत नाही: धर्मांतर तर नाही ना करत?

आधी या दुसऱ्याचं बघू. जॉर्जटाउन हे 1789चं, अमेरिकेतलं सगळ्यात जुनं कॅथलिक विद्यापीठ. तिथे 1999 साली पूर्णवेळ इमाम नेमले गेले आणि 2016 साली हिंदू विद्यार्थ्यांसाठी आध्यात्मिक मार्गदर्शक. प्रत्येक ठिकाणी इतकी व्यवस्था नसते, पण इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांना प्रार्थनेची जागा मिळवून देणं हे बहुतेक ठिकाणी याच विभागाचं काम. ज्याला आपणहून कॅथलिक व्हायचंय, त्याच्यासाठी काही महिन्यांचा वर्ग असतो आणि ईस्टरच्या आदल्या रात्री बाप्तिस्मा. तो वर्ग मागणाऱ्यासाठी आहे, गिऱ्हाईक शोधण्यासाठी नाही. मागे लागू नये हा नुसता शिष्टाचारही नाही. जेज्युइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेला 1548मध्ये पोपची मान्यता मिळाली. तिच्या सुरुवातीच्या सूचनांमध्येच म्हटलंय की मार्गदर्शकाने तराजूच्या काट्यासारखं मधोमध राहावं. साधकाला संन्यासाकडेसुद्धा ढकलायचं नाही!

सगळेच फादर असतील, हाही एक गैरसमज. विभागात संसारी स्त्री-पुरुषच जास्त असतात, बहुतेकांकडे धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी असते. काही जण विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातच राहतात. दार उघडं ठेवून बसणं हा त्यांच्या कामाचाच भाग, आणि आठवड्यातून एकदा त्या दारामागे बिस्किटं असली तर गर्दी वाढते हे सगळ्यांना माहीत आहे.

रविवारची रात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, हे दिसणारं काम. वाचन करणारे, गाणारे, कम्युनियन (उपासनेतला पवित्र प्रसाद) वाटणारे, सगळे विद्यार्थीच. परीक्षेच्या आठवड्यात यातले निम्मे गळतात, म्हणून अनुभवी माणूस प्रत्येक जागेसाठी एक बदली नाव आधीच लिहून ठेवतो.

खरं कसब लागतं ते रिट्रीटला, म्हणजे रोजच्या धावपळीतून बाजूला होऊन केलेल्या प्रार्थना-चिंतनाच्या शिबिराला. शनिवार-रविवारच्या रिट्रीटमध्ये मुख्य भाषणं मोठे विद्यार्थी देतात, पंधरा-वीस मिनिटांची, स्वतःच्या आयुष्याबद्दल. ती आयत्या वेळी देऊ द्यायची नसतात. आधी लिहून आणायला लावायची, मग मिनिस्टरसमोर (या विभागातल्या माणसाला हेच म्हणतात) निदान दोनदा वाचून घ्यायची. वाचताना एकच गोष्ट तपासायची: जखमेवर खपली धरलीये, की ती अजून ओली आहे? गेल्याच महिन्यात वडील गेलेली मुलगी त्याबद्दल बोलू पाहत असेल, तर तिला दुसरा विषय द्यावा. नाहीतर ती मधेच कोसळते, ऐकणारी पहिल्या वर्षाची मुलं तिला सावरण्यात गुंततात आणि स्वतःच्या प्रश्नापर्यंत पोचतच नाहीत. दुसरी चूक वेळापत्रकाची. उत्साहाच्या भरात रात्री साडेबारापर्यंत सत्रं ठेवतात. झोप न मिळालेल्या मुलांना रविवारी सकाळी जे रडू येतं, त्याला साक्षात्कार समजू नये.

ज्यांना गावाबाहेर जायला सवड नाही, त्यांच्यासाठी पाच दिवसांचं रिट्रीट असतं: रोज अर्धा तास एकट्याने प्रार्थना आणि अर्धा तास मार्गदर्शकाशी बोलणं. प्रार्थनेला बायबलमधला उतारा छोटा द्यायचा, सात-आठ ओव्यांचा. मार्कच्या शुभवर्तमानातला, रस्त्याकडेला बसून येशूला हाका मारणारा आंधळा भिकारी बार्तिमय नेहमी उपयोगी पडतो. विद्यार्थ्याने स्वतःला त्या रस्त्यावर बसवायचं: धूळ, पायांचे आवाज, ‘गप्प बस’ म्हणून दटावणारी गर्दी. मग येशूचा प्रश्न: मी तुझ्यासाठी काय करावं? दुसऱ्या दिवशी मार्गदर्शकाने इतकंच विचारायचं, ‘कुठे थांबलास?’ मुलगा म्हणाला, ‘दटावणाऱ्यांच्या आवाजापाशी,’ तर धागा तिथेच आहे. नवखा मार्गदर्शक इथे हमखास घसरतो: शांतता सोसवत नाही, मग तो त्या उताऱ्यावर प्रवचन सुरू करतो. अर्ध्या तासातली वीस मिनिटं मार्गदर्शकच बोलला असेल, तर ती भेट फुकट गेली.

एक्झामेन ही दिवसाच्या शेवटची दहा-पंधरा मिनिटांची उजळणी. आभार, उजेड मागणं, दिवस डोळ्यांपुढून नेणं, चुकलं त्याची क्षमा, उद्याचा विचार, अशा पाच पायऱ्या. मुलं आभारांची पायरी गाळतात, की उरतो तो नुसता चुकांचा पाढा. मग दोन आठवड्यांत कंटाळून सोडून देतात.

गुप्ततेबद्दल मात्र नीट समजून घ्या, कारण इथे गफलत होते. पापनिवेदनात फादरला सांगितलेलं कधीच, कुणालाही, कोणत्याही कारणाने बाहेर जात नाही. पण कॉफी पिताना संसारी मिनिस्टरला सांगितलेल्या गोष्टीला ते संरक्षण नसतं. लैंगिक छळाची हकिकत कानावर आली, तर अनेक विद्यापीठांच्या नियमांप्रमाणे त्याला ती वर कळवावीच लागते. म्हणून चांगला मिनिस्टर विद्यार्थ्याने तोंड उघडण्याआधीच हे सांगतो, नंतर नाही. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर समुपदेशन केंद्राचा फोन नंबर हातात देऊन भागत नाही. सोबत चालत जायचं आणि तिथलं माणूस समोर येईपर्यंत उठायचं नाही. प्रार्थना हा उपचाराला पर्याय म्हणून कधीच पुढे करायचा नाही.

विद्यार्थी दगावला, तर प्रार्थनासभेची जमवाजमव याच विभागाकडे येते. कुटुंबाचा धर्म आणि इच्छा आधी विचारायची, खोलीतल्या जोडीदाराला सगळ्यांच्या आधी आणि प्रत्यक्ष भेटून सांगायचं, आणि ‘देवाची इच्छा’ हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत.

डिसेंबरमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, दाराशी एक वेगळीच रांग लागते: शाखा बदलायची, प्रेम मोडायचं, शिक्षणच सोडायचं. इग्नेशियसचा नियम इथे कामाला येतो: मन उदास आणि कोरडं असताना आधी शांतपणे केलेला निश्चय बदलू नये. मिनिस्टर नको म्हणत नाही, हो म्हणत नाही. जेवलास का, किती झोपलास, एवढं विचारतो आणि जानेवारीतली भेटीची वेळ वहीत लिहून देतो. बरेच जण त्या वेळेला येतच नाहीत. जे येतात, त्यांच्याशी मग शाखा बदलण्याबद्दल खरंच बोलायचं असतं.