एका ‘ए’पायी गेलेले तीन आठवडे : घरच्या रॉक मिक्सचा माझा अनुभव

रेकॉर्डिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गिटार, गाणं, प्रोग्रॅम केलेले ड्रम्स, सगळं चार रविवारांत उरकलं. बेस गिटारचा भाग नाशिकच्या मित्राने थेट ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे वाद्य कॉम्प्युटरला जोडणाऱ्या यंत्रात, वाजवून पाठवला. डोंबिवलीतल्या आमच्या फ्लॅटची मागची खोली 10 बाय 10 फूट. तिच्या मधोमध माझी खुर्ची आणि समोर टेबलावर पाच इंची दोन मॉनिटर स्पीकर. गाणं ए मायनर स्केलमध्ये. मिक्सला, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आणि गाण्याचे आवाज एकमेकांत नीट बसवायला, आठवडा पुरेल असं धरलं होतं. लागले पाच, आणि त्यातले तीन एकाच सुराने खाल्ले.

आमचा कोरस, म्हणजे ध्रुवपद, ‘ए’ या सुरावर येऊन आदळतो, आणि नेमका तिथे बेस नाहीसा व्हायचा. ‘सी’ भक्कम, ‘जी’ भक्कम, ‘ए’ आला की खाली पोकळी. ईक्यूमध्ये (खालचे-वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करायचं साधन) 55 हर्ट्झला, म्हणजे ‘ए’च्या जागी, 3 डीबी (डेसिबल) वाढवले, मग 6. आवाजाचे चढउतार आवरणारा कॉम्प्रेसर बदलून पाहिला. मित्राच्या बोटांवर शंका घेऊन त्याला दोनदा परत वाजवायला लावलं. बिचाऱ्याने ऑफिसातून आल्यावर रात्री बसून दोन्ही वेळा पाठवलं. मग भावाच्या गाडीत गाणं लावलं, तर त्याच जागी दाराचं प्लास्टिक थरथरलं आणि गायकाचा आवाज पार बुडाला. घरी येऊन बेस कमी केला की खुर्चीत पुन्हा पोकळी. रोज संध्याकाळी हेच.

आई स्वयंपाकघरातून दोनदा म्हणाली होती, “अरे, मध्येच काय एवढं घुमतं? मांडणीवरचे डबे वाजतात.” तेव्हाच उठून स्वयंपाकघरात जाऊन ऐकायला हवं होतं.

त्याऐवजी मी फोम आणायला गेलो. दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं, हा लावा, खोली स्टुडिओ होईल. साडेतीन हजारांचे एक इंच जाडीचे चौकोन भिंतीला चिकटवले. टाळीचा खणखणाट गेला, झांजा मंद झाल्या, ‘ए’ जागचा हलला नाही. याचा राग अजून गेलेला नाही, कारण गणित अगदी साधं आहे. बेसची मोकळी ‘ए’ तार 55 हर्ट्झची. हवेत तिची लाट साधारण 20 फूट लांब. एक इंच फोम तिला अडवूच शकत नाही. अंड्यांचे ट्रे आणि थर्मोकोलही नाही.

शेवटी एका रात्री 55 हर्ट्झचा नुसता साइन टोन, म्हणजे एकच शुद्ध सूर, लावला आणि खोलीभर फिरलो. कोपऱ्यात छातीत घुमत होता. दाराशीही तसाच. खुर्चीत येऊन बसलो आणि तो जवळजवळ बंद झाला. मान दीड फूट पुढे नेली की परत यायचा. अंगावर काटा आला. दहा फुटांवरच्या दोन समोरासमोर भिंतींमध्ये 56 हर्ट्झच्या आसपासची लाट उभी राहते. भिंतींपाशी तिचा जोर, मधोमध शून्य. खोली चौरस असल्यामुळे लांबी आणि रुंदी दोन्हीकडून तोच आकडा, आणि मी बरोबर त्या शून्यात बसून तीन आठवडे बेस वाढवत होतो.

टेबल पुढच्या भिंतीकडे सरकवलं, डोकं त्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर येईल असं बसलो, मागच्या दोन कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या गुंडाळून उभ्या केल्या. खरा फरक जागेने पडला, गाद्यांनी थोडा. 55 हर्ट्झचे ते 6 डीबी काढून टाकले.

पुढचं सगळं दोन संध्याकाळींत झालं. गिटारना 90 हर्ट्झच्या खालचं कापणारा लो-कट लावला, 300 हर्ट्झच्या आसपास थोडं कापलं, आणि बासड्रम मोकळा झाला. ऱ्हिदम गिटार एकदाच वाजवून तिची कॉपी डावी-उजवीकडे टाकू नका, त्याने रुंदी येत नाही. दोनदा वाजवा, आणि प्रत्येक टेकला (एकदा वाजवून केलेल्या रेकॉर्डिंगला) डिस्टॉर्शन, म्हणजे रॉक गिटारचा तो फाटका खरखरीतपणा, तुम्हाला वाटतं त्याहून कमी ठेवा.

हे खरं तर आधी यायला हवं होतं : रात्री शेजाऱ्यांमुळे आवाज बारीक ठेवून मिक्स करत असाल तर तेव्हा बेसला हात लावू नका. कमी आवाजात कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात. आणि ‘हेडफोनवर मिक्स करायचं नाही’ हा सल्ला मी फार पाळला. हेडफोनमध्ये खोली नसते. तिथे माझा फुगलेला ‘ए’ पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. तुलनेसाठी आवडतं गाणं लावाल तेव्हा ते आपल्या मिक्सइतक्याच आवाजावर आणा, नाहीतर मोठं वाजणारं उगाच चांगलं वाटतं.

गाडीत परत लावलं. दार गप्प, शब्द स्वच्छ, कोरसखाली ‘ए’ भक्कम. तिथूनच नाशिकला फोन केला. तो म्हणाला, “परत वाजवून पाठवू का?” मी त्याची माफी मागितली आणि त्याला सांगितलं की मिक्समध्ये त्याचा पहिलाच टेक ठेवलाय.