विममधली लघुरूपं: तिसऱ्या आठवड्याची नोंद

विम या मजकूर-संपादकात मी लघुरूपं ठरवून ठेवतो: छोटं रूप टाइप करून स्पेस दाबली की त्याजागी पूर्ण शब्द उमटतो. त्यांची यादी ६३वरून ४१वर आली आहे. घटली ते बरंच झालं, कारण काही लघुरूपं मदतीपेक्षा त्रासच जास्त देत होती.

उदाहरणार्थ, 'वर' टाइप केलं की 'वरीलप्रमाणे' यावं असं ठरवलं होतं. 'टेबलावर', 'त्यावर' यांना धक्का लागला नाही, कारण आधी अक्षर चिकटलेलं असेल तर विम असं लघुरूप उलगडत नाही. पण सुटा 'वर' आला की पंचाईत! 'वर दिलेला तक्ता' लिहायला गेलो आणि पडद्यावर उमटलं 'वरीलप्रमाणे दिलेला तक्ता'. स्पेसच्या आधी कंट्रोल-व्ही दाबलं की उलगडणं टळतं, पण दर वेळी ते आठवत नाही. मग सुरुवातीला अर्धविराम लावून ';वर' करून पाहिलं, तर विमने ते घेतलंच नाही. लघुरूपाचं शेवटचं अक्षर शब्दातलं असेल, तर त्याआधीची चिन्हं एकतर सगळी शब्दातली हवीत, नाहीतर त्यातलं एकही नको; इथे 'व' शब्दातला आहे, पण अर्धविराम नाही. शेवटी पहिलं अक्षर दोनदा लिहायचं ठरवलं: 'ववर'. असा मराठी शब्द नाही, त्यामुळे गोंधळ संपला.

खरी मजा आली ती विभक्तीत. 'ववप'चं 'वापरकर्ता' होतं, पण मला बहुतेक वेळा हवं असतं 'वापरकर्त्याला' किंवा 'वापरकर्त्याने'. प्रत्येक प्रत्ययाला वेगळी नोंद केली तर यादी हाताबाहेर जाते. (आधीच्या ६३ त्यातूनच झाल्या होत्या.) म्हणून आता एका नामाला दोनच नोंदी: मूळ रूप आणि सामान्यरूप. 'ववपय' लिहून कंट्रोल आणि उजवा चौकोनी कंस दाबला की 'वापरकर्त्या' उलगडतं आणि पुढे स्पेस पडत नाही. मग 'ला', 'ने', 'चा', काय हवं ते तिथेच जोडायचं. ही किल्ली मला पहिल्याच दिवशी कळायला हवी होती.

सगळ्या नोंदी 'अ‍ॅब'ऐवजी 'आयअ‍ॅब' या आज्ञेने केल्या आहेत. नुसत्या 'अ‍ॅब'ची लघुरूपं खालच्या आज्ञेच्या ओळीतही उलगडतात, ते मला नको होतं. 'पेस्ट' पर्याय (बाहेरचा मजकूर चिकटवण्यासाठीची सेटिंग) चालू असताना मात्र कुठलंच लघुरूप चालत नाही, तेव्हा काही बिघडलं असं वाटलं तर आधी तो तपासा.

अनेकवचनासाठी तिसरी नोंद लागेल असं वाटत होतं. लागली नाही. 'वापरकर्त्या' उलगडल्यावर अनुस्वार टाकला की तो शेवटच्या अक्षरावर बसतो, आणि पुढे 'नी' लिहिलं की 'वापरकर्त्यांनी' तयार.