९७ टक्क्यांचा घोळ

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला विषय घेतला: ४०० ते १२०० नॅनोमीटरचा सगळा प्रकाश गिळणारा मेटामटेरियलचा, म्हणजे बारीक नक्षीमुळे गुणधर्म मिळणाऱ्या कृत्रिम पदार्थाचा, पातळ थर. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मामांचे चादरींचे माग आहेत. ते म्हणाले, "काय करायलास रे एवढं? काजळी फास की." खोटं नाही, काजळी झकास शोषते. पण ती बोटाला लागते, आणि मला अर्धा मायक्रॉनही नसलेला थर हवा होता.

खाली १५० नॅनोमीटर धातू, मध्ये सिलिका, वर धातूच्या चकत्या. आरपार काही जात नाही, म्हणून परत आलेलं वजा केलं की उरलं ते शोषलेलं. २००८ मध्ये लँडी आणि सहकाऱ्यांनी मायक्रोवेव्हसाठी असा शोषक दाखवला, पण तो एकाच फ्रिक्वेन्सीच्या आसपास चालायचा. माझ्या सोन्याच्या चकत्यांचंही तेच. आलेखात एक सुळका, बाकी माळरान.

सोन्याच्या जागी टायटॅनियम घातलं. त्यात ऊर्जा लगेच जिरते, अनुनाद फार वेळ घुमत नाही, त्यामुळे सुळका बराच पसरला. तिथेच थांबायला हवं होतं. मला हाव सुटली! एकाच युनिट सेलमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचा एक तुकडा) चार मापांच्या चकत्या बसवल्या, सेल ३०० वरून ७०० नॅनोमीटरची झाली, रात्रभर सिम्युलेशन चाललं. सरासरी शोषण ९७ टक्के. सकाळी मामांना आलेख दाखवूनही झाला.

सरांनी एवढंच विचारलं, "परत आलेला सगळा प्रकाश मोजलास, की फक्त सरळ आलेला?"

फक्त सरळ आलेला. ७०० च्या सेलवर त्याहून कमी तरंगलांबीचा प्रकाश पडला की काही भाग विवर्तनाने तिरका परत जातो. सिम्युलेशनमध्ये परतीचा प्रकाश मोजणाऱ्या पोर्टला मी एकच मोड (इथे प्रकाशाची एकच दिशा) दिला होता, तिरका गेलेला प्रकाश हिशेबातच नव्हता. सगळे मोड धरले आणि ४०० ते ७०० मध्ये सरासरी ८१ वर आली. मामांना सांगितलं तर म्हणाले, "रिपीट कशाला वाढवलास मग?" चादरवाल्याला युनिट सेल समजावून सांगावी लागत नाही.

पुन्हा ३०० वर आलो, एकच माप, वर सिलिकाचा आणखी एक थर. सरासरी ९२, सगळे मोड धरून. मग प्रकाश ६० अंशांनी तिरका पाडून पाहिला, तर ५६० च्या खाली तीच गळती. तिरक्या प्रकाशाला गळतीची मर्यादा सेलची रुंदी गुणिले (१ अधिक साइन कोन). हे मला आधीच कळायला हवं होतं. सध्या सेल २१० ची करून चकत्यांचा व्यास नव्याने शोधतोय.