२८ मायक्रॉनच्या पुढे

जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीचा नवा फोटो आला की तो मला चार ठिकाणांहून येतो. मला या गोष्टींचं वेड आहे हे सगळ्यांना ठाऊक. सोबत हमखास एक वाक्य असतं, ‘आता काय, सगळंच दिसायला लागलं!’ एरवी मी ‘भारीच’ एवढं लिहून गप्प बसतो. आज बोलतो. वेबची नजर साधारण २८ मायक्रॉन तरंगलांबीला संपते (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिथून पुढे जवळपास ३०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे दूर अवरक्ताच्या (तांबड्यापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या) अख्ख्या पट्ट्यात, आज एकही मोठी वेधशाळा चालू नाही. अधूनमधून एखादा बलून वर जातो, तेवढंच.

भुजंगधारी तारकासमूहात बर्नार्ड ६८ नावाचा एक ढग आहे. वेगवेगळ्या दुर्बिणींनी टिपलेलं आकाश थराथरांनी दाखवणाऱ्या अलादिन या फुकट प्रोग्रॅममध्ये तो उघडून बसणं हा माझा आवडता टाइमपास. दृश्य प्रकाशाच्या थरात तो म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीत पडलेलं काळं भोक. भोवती तारे खच्चून भरलेले, आत एकही नाही. थर बदलून टूमास या अवरक्त आकाश-सर्वेक्षणाची २ मायक्रॉनची प्रतिमा लावली की भोक आक्रसतं आणि ढगामागचे तारे लालसर होऊन डोकावायला लागतात. धुळीच्या बारीक कणांना मोठ्या तरंगलांबीचा प्रकाश नीट अडवता येत नाही. अवरक्त म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं, धुळीच्या आरपार बघणं. पण मग हर्शेल या युरोपच्या अवकाश दुर्बिणीचा २५० मायक्रॉनचा थर लावायचा. आता तारे गायब, आणि ढग स्वतःच उजळलेला! त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या (उणे २७३ अंश सेल्सियसच्या) वर जेमतेम १०-१५ अंश, तरी त्याला स्वतःचा उजेड आहे. तारे ज्या मालातून घडतात तो असाच गारठलेला असतो आणि तो चमकतो नेमका या पट्ट्यात.

हा उजेड पकडायचा म्हणजे दुहेरी संकट. एक तर हवेतली वाफ तो पुरता गिळते. हवाईतल्या ४२०० मीटर उंचीच्या मौना केआ डोंगरावर अवरक्त दुर्बिणी आहेत खऱ्या, पण त्यांचं राज्य वातावरणाच्या मोजक्या खिडक्यांपुरतं. दुसरं म्हणजे खोलीच्या तापमानाची कुठलीही वस्तू १० मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जोरात चमकते. आरसा, घुमट, हवा, सगळंच. त्यामुळे जमिनीवरून त्या तरंगलांबीला बघताना दुय्यम आरसा सेकंदात कित्येकदा हलवतात. एकदा तारा अधिक आकाश, एकदा नुसतं आकाश, आणि मग वजाबाकी. मागे उरतो तो तारा कधी कधी आकाशाच्या उजेडाच्या लाखाव्या हिश्शाएवढाही नसतो. ही वजाबाकी जमवणाऱ्या लोकांपुढे मी हात जोडतो.

म्हणून खरा उपाय दोनच. वाफेच्या वर जा आणि दुर्बीण गोठवा.

जानेवारी १९८३ मध्ये आयरास उपग्रहाने ते पहिल्यांदा नीट केलं. आरसा फक्त ५७ सेंटीमीटरचा, त्याला गोठवायला भोवती द्रव हेलियम. हेलियम दहा महिन्यांत उडून गेला आणि मोहीम संपली. पण तेवढ्यात काय झालं बघा. उपकरण तपासायला त्यांनी अभिजित निवडला होता. अभिजित म्हणजे खगोलशास्त्रज्ञांचा ठरलेला मापदंड, साधासरळ तारा. तोच ६० आणि १०० मायक्रॉनला अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त तेजस्वी निघाला. हे पाहणाऱ्या ऑमन आणि गिलेट या शास्त्रज्ञांनी आधी उपकरणावरच संशय घेतला असणार, मी तरी तेच केलं असतं. पण आकडा खरा होता. अभिजितभोवती थंड धुळीचं कडं होतं. दुसऱ्या ताऱ्याभोवती ग्रह घडवणारा माल असू शकतो याचा असा धडधडीत पुरावा तेव्हा कुणाकडेच नव्हता. आणि तो मिळाला दूर अवरक्तात.

पुढे नासाची स्पिट्झर अवकाश दुर्बीण आली. तिचं हेलियम २००९ मध्ये संपलं, तरी दोन लहान तरंगलांबींवर ती २०२० पर्यंत तग धरून राहिली. हर्शेलला ती सवलत नव्हती. साडेतीन मीटरचा आरसा, दोन हजार लिटरहून जास्त हेलियम, पण एप्रिल २०१३ मध्ये तो संपला आणि सगळी उपकरणं एकदम आंधळी झाली. मग उरली सोफिया, बोइंग ७४७ विमानाच्या कुशीला दार कापून बसवलेली २.७ मीटरची जर्मन दुर्बीण. ती १२-१४ किलोमीटर उंचीवर, दार सताड उघडं ठेवून आकाश बघायची. वर्षाला साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास खर्च, त्या मानाने विज्ञान कमी, असा निष्कर्ष निघाला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये ती बंद झाली. हिशोब कदाचित बरोबरही असेल. माझी तक्रार हिशोबाबद्दल नाहीच. जागेवर दुसरं काही तयार नसताना दुकान बंद केलं, ही आहे. युरोप आणि जपानची स्पिका ही नियोजित दूर अवरक्त दुर्बीण त्याआधीच, २०२० मध्ये, रद्द झालेली होती.

२०२४ मध्ये नासाने दोन प्रस्ताव पुढच्या अभ्यासासाठी निवडले, एक क्ष-किरणांचा आणि एक दूर अवरक्ताचा. दोघांतला एकच २०३२ मध्ये उडवायचा असं ठरलं. अवरक्तवाल्याचं नाव प्रायमा. आरसा १.८ मीटरचा, म्हणजे हर्शेलच्या निम्मा, हे वाचून मी आधी हिरमुसलो. मग तापमान वाचलं. हर्शेलचा आरसा निरपेक्ष शून्याच्या वर ८५ अंशांच्या आसपास होता, म्हणजे तो स्वतःच ज्या पट्ट्यात बघायचा त्याच पट्ट्यात चमकत होता. प्रायमाचा साडेचार अंशांवर ठेवायचा बेत आहे. एवढ्या थंड आरशाला बर्नार्ड ६८ सारखे ढग सोडाच, फार दूरच्या दीर्घिकांमधली धूळसुद्धा आकारात दुप्पट असलेल्या हर्शेलपेक्षा कितीतरी लवकर टिपता येईल. क्ष-किरणवाल्यांनी मला माफ करावं, माझं मत प्रायमाला.