गुडघ्याचं तेल

नौपाड्यातल्या एका दुकानातून मागच्या महिन्यात चेहऱ्याचं क्रीम आणलं. डबीवर भला मोठा गुलाबी गुलाब. किंमत घरात कुणाला सांगितलेली नाही, इथेही सांगत नाही.

सासूबाईंनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर गुडघ्याचं तेल!"

त्यांचं माहेर नंदुरबारकडचं. तिथे कोनाड्यात रोशाच्या तेलाची बाटली असायची, तोंडाला चिंधीचा बोळा. थंडीत आजोबांचे गुडघे चोळायचं काम सासूबाईंकडे. मी जरा फुरंगटूनच चष्मा लावला आणि डबीमागची मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं वाचायला बसले. गुलाब कुठेच नव्हता. शेवटून तिसरं नाव होतं जिरेनिऑल, म्हणजे वासाचं एक रसायन.

म्हातारीचं नाक खरं निघालं. रोशा म्हणजे गवत, आपल्या गवती चहाचं चुलत भावंड. त्यातल्या 'मोतिया' जातीच्या तेलात बहुतांश जिरेनिऑलच असतं. गुलाबाच्या अत्तरातही ते असतंच, म्हणून नाक फसतं. नाव मात्र पडलं जिरेनियम या फुलझाडावरून. १८७१ साली याकोबसेन नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते वेगळं काढलं, तेही रोशाच्याच तेलातून. गवताच्या वाट्याला नावही आलं नाही.

फसवणूकही जुनीच. एकोणिसाव्या शतकात खानदेशातल्या ओढ्याकाठी भट्ट्या लावून हे तेल काढायचे. ते मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जायचं आणि बल्गेरियाच्या महागड्या गुलाबतेलात गुपचूप मिसळलं जायचं. म्हणजे युरोपातल्या मडमा गुलाब समजून आमच्या सासूबाईंच्या माहेरचं गवत हुंगत होत्या. हे सांगितल्यावर त्यांची मान जी ताठ झाली, ती दोन दिवस तशीच होती.

माझं मात्र बिनसलं. ठाण्याचा मे महिना, आमची न्हाणी म्हणजे भट्टी, आणि मला झाकण नीट लावायची सवय नाही. तीन आठवड्यांनी कानामागे खाज, मग बारीक पुरळ. डॉक्टरीणबाईंनी आधी क्रीम बंद करायला लावलं, मग समजावलं. जिरेनिऑल हवेत उघडं राहिलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि त्यातून तयार होणारे पदार्थ काही जणांच्या त्वचेला मूळ वासापेक्षा जास्त झोंबतात. युरोपात म्हणूनच लावून ठेवायच्या क्रीममध्ये ते ०.००१ टक्क्याहून जास्त असलं तर नाव छापावंच लागतं. 'नैसर्गिक' या शब्दावर मी इतकी वर्षं भाळत होते, तो कचकन उतरला.

एक गंमत त्याच भरात वाचली. मधमाशी पोटाचं टोक वर करून, पंख फडफडवून जो वास सोडते, 'घर इकडे आहे' असं सख्यांना सांगायला, त्यातही जिरेनिऑल असतं. आमच्या बिल्डिंगच्या टाकीखाली पोळं आहे. तेव्हापासून मी तिथून जाताना उगाच थांबते. वास काही येत नाही, वॉचमन तेवढा बघतो.

डबी मी कचऱ्यात टाकली होती. रात्री पाहिलं तर ती सासूबाईंच्या उशाशी, आणि त्या पाय पसरून गुडघे चोळत होत्या. खाज सुटेल म्हणून ओरडले, तर म्हणाल्या, "मला नाही सुटत." मग बोटाला उरलेलं हुंगून, "वास तोच आहे गं. पण धग नाही."